मीराजी 'वाया गेलेले शायर' नव्हते

उर्दू कवी मीराजींबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. लाहोरच्या सनाउल्लाह डारचं मीरा सेन या बंगाली मुलीवर एकतर्फी प्रेम जडलं, त्यापायी त्याने नाव बदललं, हातात तीन गोळे घेऊन तो भणंगासारखा फिरला, कुणाला न कळणाऱ्या कविता लिहिल्या आणि मुंबईत बेवारस मेला. लोक हळहळतात आणि पुढे पाठवतात.

नावाची गोष्ट खरी आहे. गोळेही खरे, उर्दू कथाकार मंटोंनी त्यावर लेखच लिहिलाय. दारूही खरी. पण 'प्रेमात वाया गेले' हे साफ चूक. मॅट्रिकसुद्धा न झालेला हा माणूस तिशीच्या आत लाहोरच्या 'अदबी दुनिया' मासिकाचं संपादन करत होता. मैथिली विद्यापती, बंगाली चंडीदास, फ्रेंच बोदलेअर आणि मालार्मे, ग्रीक सॅफो, जर्मन हाइने या सगळ्या कवींना त्यांनी उर्दूत आणलं. दामोदरगुप्ताचं 'कुट्टनीमत' घ्या. आठव्या शतकातलं संस्कृत काव्य, वाराणसीतली तरुण गणिका मालती आणि तिला धंद्यातले डावपेच शिकवणारी म्हातारी विकराला. आपल्याकडेही हे किती जणांनी वाचलंय? मीराजींनी त्याचा उर्दूत 'निगारख़ाना' केला. मीरेच्या नावामागे वैष्णव पदावलीचा, म्हणजे विद्यापती-चंडीदासांच्या राधाकृष्णाच्या पदांचा, एवढा अभ्यास उभा आहे, आणि आपण फक्त प्रेमभंग सांगत बसतो.

भणंग म्हणावं, तर १९४२पासून काही वर्षं ते दिल्लीत ऑल इंडिया रेडिओत नोकरीला होते. त्याच काळात त्यांचे गीतसंग्रह आले. या गीतांची बोली साधी, हिंदीकडे झुकणारी. कुठलाही ऐकणारा ती गुणगुणेल.

दुर्बोधतेचा आरोप त्यांच्या मुक्तछंदातल्या नज़्मांवर, म्हणजे कवितांवर आहे. त्या अवघड आहेत, मान्य. पण कविता उलगडून कशी वाचावी हे उर्दूला शिकवणाऱ्या पहिल्या काही जणांत मीराजीच होते. 'इस नज़्म में' (१९४४) या पुस्तकात ते इतरांची एकेक कविता घेऊन तिचा अर्थ लावतात. लाहोरच्या 'हल्क़ा-ए-अरबाब-ए-ज़ौक़' या साहित्यिकांच्या मंडळाच्या बैठकांत वाहवा बाजूला ठेवून रचनेची चिकित्सा करण्याची शिस्तही बरीचशी त्यांचीच.

राहिलं 'बेवारस'. ३ नोव्हेंबर १९४९ला परळच्या केईएम रुग्णालयात ते गेले, वय अवघं ३७. अंत्ययात्रेला मोजकी माणसं होती, हे दुःख खरंच. पण शेवटच्या आजारात त्यांना सांभाळलं ते अख़्तर-उल-ईमान यांनी, 'वक़्त' या हिंदी चित्रपटाचे संवाद लिहिणारे तेच कवी. मुंबईत दोघांनी मिळून 'ख़याल' नावाचं मासिकही चालवलं होतं.