सुस्तो, धसका आणि 'मुळांकडे चला'

परवा माझ्या एका विद्यार्थिनीनं मला एक मजकूर पाठवला. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, म्हणून मला यातलं काही ठाऊक असेल असं तिला वाटलं. मजकूर खूप फिरलेला आहे, माझ्याकडेच तो तिसऱ्यांदा आला. त्याचं सार असं: मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचे लोक मनाचे त्रास घर, चर्च आणि गावचा कुरांदेरो, म्हणजे वैदू, यांच्या आधारानं निभावून नेत. त्यांच्याकडे डिप्रेशन नव्हतंच. मानसोपचार अमेरिकेनं जागतिकीकरणाच्या लाटेत त्यांच्यावर लादला, त्यात तिथलं स्वतःचं काही नाही. आणि शेवटची ओळ: 'आपणही सावध व्हा, गोळ्या सोडा, मुळांकडे चला.' विद्यार्थिनीची मावशी हे वाचून खरोखरच गोळ्या बंद करायला निघाली आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर.

'मानसोपचार अमेरिकेतून आला.' हे तारखांवरच कोसळतं. 24 फेब्रुवारी 1409 रोजी स्पेनमधल्या वालेन्सियात होफ्रे नावाच्या धर्मगुरूनं प्रवचन दिलं. रस्त्यात एका वेड्याला छळणारी माणसं पाहून त्याचं मन कळवळलं होतं, असं सांगतात. त्या प्रवचनातून शहरातले व्यापारी पुढे आले आणि पुढच्याच वर्षी मनोरुग्णांसाठी रुग्णालय उभं राहिलं. ते जगातलं पहिलं असा स्पॅनिश लोकांचा अभिमानाचा दावा असतो. तो मला पटत नाही, कारण मुस्लिम राजवटींतल्या रुग्णालयांत वेड्यांची शुश्रूषा त्याआधीपासून होत होती आणि स्पेनमध्येच, ग्रॅनाडात, 1360 च्या दशकात तसं रुग्णालय बांधलं गेलं होतं. पण अमेरिका? मेक्सिको शहरात बेर्नार्दिनो आल्वारेस यांनी सान इपोलितो रुग्णालय सुरू केलं ते 1560 च्या दशकात. अमेरिका हा देश जन्मायला तेव्हा दोनशे वर्षं होती.

'त्यात तिथलं स्वतःचं काही नाही.' इथे मला खरा राग येतो, कारण यात माणसांची आयुष्यं पुसली जातात. पेरूमधले एर्मिलियो वाल्दिसान यांनी 1915 मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तोच मुळी प्राचीन पेरूवासीयांच्या मनोविकारांवर. त्यांचे सहकारी ओनोरियो देल्गादो यांनी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी पत्रव्यवहार केला, 1919 मध्ये मनोविश्लेषणावर स्पॅनिशमध्ये पुस्तक लिहिलं, आणि पुढे त्याच फ्रॉइडच्या विचारांवर कडक टीका केली. उसनवारी करणारा माणूस असं वागत नाही. पेरूच्याच राजधानीतल्या, लिमातल्या, कार्लोस आल्बेर्तो सेगीन यांनी कुरांदेरो काय करतात, रुग्णाला त्यातून काय मिळतं, याचा अभ्यास म्हणजे मानसोपचाराचीच एक शाखा मानली.

फ्रॉइडच्या समग्र लेखनाचं स्पॅनिश भाषांतर माद्रिदमध्ये 1922 पासून निघू लागलं. फ्रॉइडनं भाषांतरकाराला पत्र लिहून कौतुक केलं. 'दोन किहोते'चा लेखक सेर्व्हांतेस मुळातून वाचता यावा म्हणून तरुणपणी तो स्वतः स्पॅनिश शिकला होता. (माझ्या वर्गात हे मी दरवर्षी सांगते.) हे विचार बुएनोस आइरेसला पोचले आणि 1942 मध्ये तिथे मनोविश्लेषकांची संघटना स्थापन झाली. संस्थापकांपैकी एनरिके पिचोन-रिव्हिएर यांचं बालपण उत्तर अर्जेंटिनात, ग्वारानी लोकांच्या सहवासात गेलेलं. पुढे त्यांनी रुग्णाला एकट्याला न पाहता त्याच्या कुटुंबासह, गटासह पाहायचं तंत्र घडवलं.

प्रवाह उलटाही वाहिला. कॅटलोनियातले फ्रांसेस्क तोस्केयेस स्पेनचं यादवी युद्ध हरल्यावर फ्रान्समध्ये पळाले, निर्वासितांच्या छावणीत राहिले आणि 1940 मध्ये सेंत-आल्बान या आडगावच्या मनोरुग्णालयात पोचले. रुग्णांनी रुग्णालय चालवण्यात भाग घ्यायचा, हा तिथला प्रयोग फ्रेंच मानसोपचाराचा चेहरा बदलून गेला. वसाहतवादाविरुद्ध लिहिणारे मानसोपचारतज्ज्ञ फ्रांत्स फानोन तिथेच त्यांच्या हाताखाली शिकले. म्हणजे ज्या स्पॅनिश जगाला 'सगळं आयात केलेलं' म्हणून हिणवलं, तिथल्याच एका निर्वासितानं निर्यात केली.

आता 'डिप्रेशन नव्हतंच.' मजकुराचा हा भाग सगळ्यांत घातक आहे, कारण तो अर्धा खरा वाटतो. लॅटिन अमेरिकेत 'सुस्तो' नावाचा त्रास आहे. जबर भीती बसली की आत्मा शरीर सोडून जातो, मग भूक मरते, झोप उडते, माणूस खंगत जातो. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नकोच. आपण म्हणतो, तिनं धसका घेतला. 'माल दे ओहो' म्हणजे आपली दृष्ट. तर मजकूरवाल्यांचं म्हणणं, हा नुसता सुस्तो, वैदूनं झाडपाला ओवाळला की बरा. पण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात झापोतेक आणि चिनान्तेक या मूळनिवासींच्या आणि मेस्तिसो, म्हणजे मिश्रवंशीय, लोकांच्या गावांमध्ये संशोधकांनी सुस्तो झालेल्यांची आणि न झालेल्यांची तुलना केली. 1984 मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुस्तो झालेली माणसं शरीरानंही जास्त आजारी होती, आणि सात वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यातले मृत्यूही लक्षणीय जास्त होते. शब्द वेगळा होता, पण दुखणं खोटं नव्हतं आणि सौम्यही नव्हतं.

मजकुरात एक खरी गोष्टही आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी उर्मटपणा केला. थरथर, रडणं, ओरडणं, छातीत उष्णता दाटणं, कधी बेशुद्ध पडणं, अशा पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावरच्या लोकांना येणाऱ्या 'आताके दे नेर्विओस'च्या झटक्यांना अमेरिकी सैन्यातल्या डॉक्टरांनी 'पोर्टो रिकन सिंड्रोम' असं नाव दिलं. एका अख्ख्या समाजाच्या नावाचं दुखणं! पण त्यावर तिथल्या लोकांनी काय केलं? गोळ्या फेकल्या नाहीत. क्यूबाच्या डॉक्टरांनी स्वतःची निदानसूची केली. लॅटिन अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेनं 2004 मध्ये जागतिक सूचीला तिथल्या वास्तवाची जोड देणारी निदान-मार्गदर्शिका काढली. पोर्टो रिकन रुग्णांमधल्या आताकेवर वर्षानुवर्षं काम केलेले रोबेर्तो लुइस-फर्नांदेस हे अमेरिकेच्या डीएसएम या निदानसूचीच्या संस्कृतीविषयक गटाचे प्रमुख झाले. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत सांस्कृतिक दुखण्यांची नऊ नावं आहेत, त्यांतली तीन स्पॅनिश: आताके दे नेर्विओस, नेर्विओस (म्हणजे सततची अस्वस्थता), सुस्तो. एक आपलंही आहे, धात, म्हणजे वीर्य जाऊन अशक्तपणा येतो ही धास्ती.

'मुळांकडे चला' म्हणताना मुळं नेहमी निर्मळच असतात असं धरलेलं असतं. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत आंतोनियो वायेहो-नाहेरा या मानसोपचारतज्ज्ञानं युद्धकैद्यांवर प्रयोग करून मार्क्सवाद हा जणू मनाचा दोष असल्याचं दाखवू पाहिलं. तो अस्सल देशी होता. मेक्सिकोचं ला कास्तान्येदा हे मनोरुग्णालय 1910 मध्ये थाटामाटात उघडलं आणि गर्दी व हालअपेष्टांची ख्याती कमावून 1968 मध्ये बंद झालं.

राहिल्या गोळ्या. चिलेची राजधानी सांतियागो इथल्या गरीब वस्त्यांमधल्या 240 महिलांवर एक चाचणी झाली, 2003 मध्ये निष्कर्ष आले. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी गट घेतले, माहिती दिली, पाठपुरावा केला. ज्यांचं नैराश्य तीव्र होतं त्यांना औषधंही दिली. सहा महिन्यांनी या गटातल्या साधारण 70 टक्के महिला बऱ्या झाल्या होत्या, नेहमीच्या उपचारांच्या गटात 30 टक्के. गट, शेजार, बोलणं आणि गोळी, सगळं एकत्र. 2006 पासून चिलेनं नैराश्यावरचे उपचार कायद्यानं हमी दिलेल्या आजारांत घातले. ही चाचणी करणारे रिकार्दो आराया पुढे आपल्या गोव्यातल्या चाचणीतही सहभागी होते. तिथे स्थानिक समुपदेशकांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत असाच प्रयोग झाला आणि 2010 मध्ये त्याचा फायदा दिसून आला. जागतिकीकरण म्हणजे न्यू यॉर्कहून येणारी डबी एवढंच नसतं. सांतियागोहून गोव्यापर्यंतची वाटही त्यातच येते.

मावशींना मी एवढंच सांगायला सांगितलं आहे: गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून जे ठरेल ते करा. आणि आपल्याला काय होतंय ते आपल्या शब्दांत सांगा, धसका म्हणावंसं वाटलं तर धसका म्हणा. लुइस-फर्नांदेस यांच्या गटानं रुग्णाला विचारायचे सोळा प्रश्न तयार केले, त्यात सुरुवातीलाच हे येतं की घरच्यांना, मित्रमंडळींना तुम्ही हा त्रास कसा सांगता. हे प्रश्न जगभर वापरायच्या आधी सहा देशांत तपासले गेले. त्यांत पेरू होता, आणि भारतातलं आमचं पुणेही होतं.