फुकटचा, विकतचा आणि घरचा

पारा ४४वर गेला की दुपारी एक ते पाच सोलापुरात कुणी काम करत नाही. यंदा आमचा कॉम्प्युटरही त्यात सामील झाला.

नव्या पेठेत माझ्या वर्गमित्राचं दुकान आहे. त्यानं न उघडताच निदान केलं, “व्हायरस हाय बे. पैशाचा अँटीव्हायरस टाक. तीन पीसीचं पॅक स्वस्त पडतंय.” घरात पीसी एकच. उरलेले दोन कुठून आणू, हे विचारलं नाही; त्याच्याकडे तेही विकायला होते.

“विकत कशाला दाजी? फुकटचा टाका की,” मेव्हणा म्हणाला. तो चहा-नाश्त्याला रोज आमच्याकडेच असतो, त्यामुळे या विषयात त्याचा अभ्यास दांडगा.

फुकटचा टाकला. लगेच कोपऱ्यात लाल चौकट उगवली: ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!’ धोका कोणता, ते पैसे भरल्यावर सांगणार. आमच्या नळाला पाणी येतं त्याच्या कैक पटीनं ही चौकट येऊ लागली.

शिवाय फुकटालाही किंमत असते. ग्राहक काय बघतात ती माहिती विकल्याबद्दल २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अवास्ट या फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हे ऐकून अण्णांना नवल वाटलं. “तुझी आई दिवसभर भरतकामाचे व्हिडिओ बघते. ते कोण विकत घेतंय?”

मग कळलं, विंडोज ८पासून डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस विंडोजसोबतच येतो. दुसरा अँटीव्हायरस आला की तो मुकाट्यानं बाजूला होतो. (आमच्या भाऊबंदकीत असा समजूतदारपणा कुणी दाखवलेला नाही.) पाहुण्याला काढलं, डिफेंडर आपोआप कामाला लागला. माझ्या मते घरच्या वापराला तो पुरे, फक्त विंडोजचं अपडेट चुकवायचं नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, त्यावरचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. अर्थात आमच्याकडे अपडेट अर्ध्यावर आलं की लाईट जाते, तो भाग वेगळा.

आणि ती सुस्ती? आईनं डबा उघडायला लावला. पंख्यात धुळीची गादी बसली होती. ब्रशनं झाडली, संपलं.

परवा मेव्हणा लग्नाचे फोटो घेऊन आला. पेनड्राइव्ह लावताच डिफेंडरनं व्हायरस पकडला. मेव्हण्यानं स्क्रीनकडे बघितलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “दाजी, फुकटच्यावर काय विश्वास ठेवताय?”