खुलासा: प्रास्ताविकेतला प्रत्येक शब्द १९४९ चा नाही

'संविधानाच्या प्रास्ताविकेतले सगळे शब्द बाबासाहेबांच्या वेळचेच,' असा मेसेज कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. तसं नाही. 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' आणि 'एकात्मता' हे शब्द १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीने आले.

नागरिकशास्त्र शिकवताना मीही वर्षानुवर्षं चुकीचंच सांगत आले. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला चौकटीत प्रास्ताविका, खाली २६ नोव्हेंबर १९४९. शंका यायचीच कशी? १९४८ मध्ये संविधान सभेचे सदस्य के. टी. शहांनी 'सेक्युलर', 'सोशालिस्ट' हे शब्द कलम १ मध्ये घालायला सुचवले होते. समाजाची घडी लोकांनीच काळानुरूप ठरवावी, म्हणून आंबेडकरांनी विरोध केला.

पण शब्द नंतरचे म्हणून तत्त्वच उपरं, हेही खोटं. धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ पहिल्यापासून आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तेवढं दुरुस्त करून घ्या.