दगड टाकायचे, पण किती वजनाचे?

पावसाने उघडीप दिली म्हणून सदाशिव पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर चौघंही हजर. घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही, पण त्यावरून भांडायला आम्हाला तो दिसावा लागत नाही. आमचा एक मित्र मूळचा मालवणजवळच्या देवबागचा. एका बाजूला कर्ली खाडी, दुसरीकडे अरबी समुद्र, मधल्या पट्टीवर त्याचं घर. त्याने फोनवर व्हिडिओ दाखवला: उधाणाचं पाणी समुद्र अडवायला घातलेल्या बंधाऱ्यावरून थेट माडांत.

पक्याचा निकाल तयारच होता. "काँक्रीटची उंच, सरळ भिंत घाला. विषय संपला."

"तिथूनच सुरू होतो," नाना म्हणाले. नाना खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. १९१६ पासूनची संस्था आहे, हे ते दर पावसाळ्यात सांगतात. "सरळ भिंतीवर लाट आपटते, मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. पाया उघडा पडला की भिंतच पुढे कलते. दगडांच्या उतारावर तीच लाट फटींत शिरते आणि तिथे जिरते."

"मग देवबागला दगडच आहेत की! तरी बंधारा खचतो."

"केवढे दगड?"

इथे नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, म्हणजे आता सुटका नाही. लाट दुप्पट उंच झाली तर दगड दुप्पट नाही, आठपट जड लागतो. एका मीटरच्या लाटेला समजा शंभर किलोचा पुरला, तर दोन मीटरला आठशेचा हवा. कागदावर आठशेचा लिहिलेला असतो. ट्रकमधून उतरतो तो दोघांनी ढकलला तरी हलतो. शिवाय तळाशी पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर बारीक दगड, मग मधले, वर मोठे, असे थर हवेत. कापड वगळलं तर मागची माती फटींतून निघून जाते. वरचा एकही दगड वाहून न जाता बंधारा खाली बसतो, आणि आपण नुसते नवे दगड वर टाकत राहतो. दुरुस्तीचा नारळ फुटलेला मी तरी कधी पाहिला नाही.

"मरीन ड्राइव्हसारखे टेट्रापॉड टाका मग, ते काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे," पक्या.

"१९५० मध्ये फ्रान्समध्ये निघाले ते. चार पाय एकमेकांत अडकतात, म्हणून कमी वजनात भागतं. पण पायथा उकरला तर तेही खाली जाणार. आणि किनाऱ्याने सरकणारी वाळू कुणी अडवली तर पुढच्या गावाचं काय? पुद्दुचेरीला बंदराच्या भिंतींनी वाळू अडली, उत्तरेचा किनारा खाल्ला गेला. मग दगड, आणखी दगड."

"पुण्यात बसान तुमका काय कळतला!" देवबागकर उसळला. "घरात पाणी शिरलं की वाळूचं गणित कोण करतो? बंधारा हवाच आम्हाला."

नाना जरा नरमले. "हवाच. घर वाचतं त्याने. पुढची वाळूची पुळण वाचत नाही, एवढंच म्हणतोय. किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, रापण, कुठे ओढता आता?"

तो थोडा वेळ फोन उलटसुलट करत राहिला. बंधारा झाल्यापासून घरासमोर वाळूच उरलेली नाही. काकाची होडी दोन वर्षं खाडीच्या बाजूला बांधलेली आहे. रापणीचं जाळं पडवीत.

"पण पडवी आहे ना अजून!" पक्या म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.