दोन तापमापक आणि एक बादली : भुसावळच्या एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

शाळकरी मुलांच्या स्वतंत्र संशोधनावरील माझ्या लेखाला आपण भुसावळहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, नववी-अकरावीतल्या मुलाकडे ना प्रयोगशाळा असते ना मार्गदर्शक. त्यामुळे त्याचे ‘संशोधन’ म्हणजे एकतर इंटरनेटवरची उचलेगिरी असते किंवा पालकांनी रात्री जागून केलेला प्रकल्प. त्यातून नवे काही निघत नाही आणि नीट-सीईटीच्या तयारीचा वेळ मात्र वाया जातो. शेवटी आपण असेही लिहिले आहे की, तो लेख वाचून आपल्या नववीतल्या मुलाने केळीच्या बागेतले तापमान मोजण्यासाठी सहा हजारांच्या यंत्राचा हट्ट धरला आहे. तेवढ्यापुरता मी दोषी आहेच.

उचलेगिरीचा आरोप मला मान्य आहे. विज्ञान शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि तालुक्याच्या प्रदर्शनांत सिरिंजवर चालणारा तोच जेसीबी आणि खाण्याच्या सोड्याचा तोच ज्वालामुखी मी इतक्यांदा पाहिला आहे की, आता लांबूनच ओळखतो. मात्र त्या मुलांना कोणी प्रश्नच विचारू दिलेला नसतो. त्यांना आधी ‘प्रतिकृती’ आणायला सांगितले जाते आणि प्रश्न मागाहून तक्त्यावर चिकटवला जातो. त्यामुळे या प्रकाराला मी संशोधन म्हणत नाही, आणि त्याच्यावरून संशोधनाचा निकाल लावू नये, एवढीच विनंती आहे.

प्रयोगशाळेविषयी मात्र माझा अनुभव वेगळा आहे. यावल तालुक्यातल्या एका गावात माझ्याकडे शिकणाऱ्या नववीतल्या मुलीने मे महिन्याच्या सुटीत एक साधा प्रश्न घेतला होता : जुन्या माठात पाणी नव्यासारखे गार का होत नाही? गावात कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी येते, त्या क्षारांनी माठाची छिद्रे बुजतात, असे तिची आजी सांगे. एक जुना आणि एक नवा माठ, दोन काचेचे तापमापक आणि घरच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, एवढीच तिची सामग्री होती. बाहेर ४३ अंश तापलेले असताना पहिले तीन दिवस जुन्या माठातले पाणी नव्यापेक्षा तीन अंशांनी गरम भरले आणि आजी जिंकली असे सर्वांनी ठरवून टाकले. मग मी तिला फक्त दोन्ही माठ भिंतीपासून लांब, शेजारीशेजारी ठेवायला सांगितले. तेव्हा फरक तीनावरून एका अंशावर आला, कारण जुना माठ ज्या भिंतीला टेकवला होता, ती दुपारनंतर तापत होती. उरलेला एक अंश तरी माठाचा असेल, असे आम्हा दोघांनाही वाटले. चार दिवसांनी तिने आपण होऊन दोन्ही तापमापक एकाच बादलीत बुडवले, तर तेच एकमेकांपासून एका अंशाने चुकत होते.

म्हणजे तीन अंशांतले काहीच शिल्लक राहिले नाही. ती रडवेली झाली होती, हे मी लपवत नाही. पण त्यानंतर तिने जे केले, ते मी तिला शिकवलेले नव्हते. तापमापक बाजूला ठेवून, छिद्रांतून किती पाणी उडते हे पाहण्यासाठी तिने माठ वजन करायला घेतले, कारण काटा एकच असल्याने त्याची चूक दोन्ही माठांना सारखीच लागू होणार होती. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. त्या हिशेबाने दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार व्हायला सुमारे १७० ग्रॅम पाणी उडाले तरी पुरावे, पण नव्या माठातून दिवसाला किलोभर पाणी उडत होते. बाहेरची उष्णता सतत आत येत राहते आणि माठ ती सतत बाहेर टाकत राहतो, हे तिला पुस्तकातल्या परिच्छेदातून नव्हे, तर काट्यावरच्या आकड्यांतून कळले. जुन्या माठातून पाणी सातत्याने कमी उडत होते, म्हणजे आजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. तरीही वहीच्या शेवटी तिने लिहिले की, माठ दोनच असल्यामुळे हा निष्कर्ष या दोन माठांपुरताच आहे. प्रदर्शनात परीक्षकांनी ‘यात नवीन काय?’ असे विचारून तिला पुढे पाठवले नाही. आपलाही आक्षेप नेमका तोच आहे.

या ‘नवीन’विषयी टांझानियातल्या एरास्टो म्पेंबाचे उदाहरण आठवते. १९६३ साली शाळेत आइस्क्रीम करताना त्याने गरम मिश्रण तसेच बर्फाच्या कपाटात ठेवले आणि ते निववून ठेवलेल्या मिश्रणाआधी गोठलेले पाहिले. शिक्षकांनी आणि वर्गाने त्याची थट्टा केली. त्याने तोच प्रश्न पुढे शाळेत व्याख्यानाला आलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑसबोर्न यांना विचारला. ऑसबोर्न यांनी थट्टा न करता प्रयोग करवून पाहिला आणि १९६९ साली दोघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. गंमत अशी की, गरम पाणी खरोखरच आधी गोठते का, यावर अजून वाद आहे आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर प्रयोगांत तसा पुरावा मिळाला नाही. म्पेंबाचे निरीक्षण उद्या पूर्ण चुकीचे ठरले, तरी प्रश्न विचारण्यात तो चुकला होता असे मला म्हणवणार नाही.

मोठ्यांची मदत किती असावी, हा आपला मुद्दा खरोखर अवघड आहे. अमेरिकेतल्या एमिली रोझाने नऊ वर्षांची असताना, हात न लावता रुग्णाभोवतीची ‘ऊर्जा’ जाणवते असे सांगणाऱ्या २१ उपचारकांची परीक्षा घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशामागून आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच ती विचारत असे. २८० वेळांपैकी १२३ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवण्याहूनही कमी. हा निबंध १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला तेव्हा लेखकांत तिची परिचारिका आईही होती. निबंध लिहायला मोठे असावेत. प्रश्न मुलाचा असावा आणि मोजणारा हातही त्याचाच असावा, अशी रेघ मी आखतो. पैसे भरून मुलांच्या नावे ‘शोधनिबंध’ छापून देणाऱ्यांपासून मात्र दूरच राहावे.

वेळेविषयी आपण बरोबर आहात. दहावी आणि बारावीच्या वर्षात हे करू नये. आठवी-नववीनंतरचा मे महिना आणि दहावीच्या परीक्षेनंतरची सुटी एवढा वेळ यासाठी पुरेसा आहे.

आता आपल्या मुलाविषयी. यंत्र घेऊ नका. साधे दोन तापमापक घ्या आणि पहिल्या दिवशी ते एकाच बादलीत बुडवून त्यांच्यातला फरक वहीत लिहायला सांगा. मग एक बागेत आणि एक बांधावर, जमिनीपासून सारख्याच उंचीवर टांगावा. दोघांवरही हवा खेळती राहील अशी सावली असावी, नाहीतर बांधावरचा तापमापक हवेऐवजी उन्हात तापलेल्या आपल्याच काचेचे तापमान दाखवील. चार दिवसांनी दोघांच्या जागा आपसांत बदलाव्यात. हे त्याने करून पाहिले आणि तरीही त्याला यंत्र हवेसे वाटले, तर ते कशासाठी हवे, हे तो आपल्याला नीट सांगू शकेल.