घर घ्या, हिशेब मागू नका
परवा एका एजंटने तासभर बसवून मला एक एक्सेल शीट दाखवली. तीत भाडं बाराही महिने येत होतं, नळ कधी गळत नव्हता, भाडेकरू घर सोडत नव्हता आणि शेवटच्या रकान्यात मी श्रीमंत झालो होतो. मुद्रांक शुल्क कुठे धरलंय, असं विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही फारच खोलात जाता बुवा!" तेव्हा ज्यांना खोलात जायचं नाही, अशा तमाम गुंतवणूकदारांसाठी हे चार शब्द.

कर्ज किती घ्यायचं याचा विचार आपण करू नये. बँक देईल तेवढं आपल्याला झेपतंच.

हप्ता तेवढा बघा, एकूण फेड नको. ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या शंभराचे जवळजवळ २१६ होतात, पहिल्या हप्त्यातले सहापैकी पाच हिस्से नुसतं व्याज. असले आकडे पाहून उत्साह मावळतो. सुरुवातीलाच दर १० झाला आणि हप्ता तोच राहिला, तर मुदत २६ वर्षांच्या पुढे जाते. जाऊ द्या. निवृत्त होऊन तरी काय करणार होतात?

ताब्याच्या तारखेवर विश्वास ठेवा.

आणि कुणी "१५ वर्षांत दुप्पट झालं" म्हणालं, की डोळे विस्फारायला विसरू नका. दुप्पट! म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्केसुद्धा नाहीत, आणि कर्ज होतं ९ टक्क्यांचं. भाडं आलं म्हणता? समजा, किमतीच्या ३ टक्के आलं. त्यातून रिकामे गेलेले महिने, दलाली, रंग, कर, देखभाल वजा करा. नाही करत! कुणीच करत नाही! वर ऐकवतात, "भाव कधी उतरत नसतात." जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीचे भाव वर्षानुवर्षं उतरत होते, अमेरिकेत २००८ च्या आसपास लाखो घरांवर जप्ती आली, ते बहुधा दुसऱ्या ग्रहावर. स्वतःचे २० घालून शंभराचं घर घेतलं आणि भाव १० ने वाढला, की आपले पैसे दीडपट, हे सगळ्यांना तोंडपाठ. २० ने उतरला तर आपले सगळे गेले आणि कर्ज जिथल्या तिथे, हे सांगायला लागलं की मी नकारात्मक!

अहो, राहायला घर हवं असेल तर खुशाल घ्या, कोण अडवतंय? पण गुंतवणूक म्हणता ना? मग वर्षाच्या भाड्यातून सगळा खर्च वजा करा, उरेल त्याला नोंदणीसकट एकूण किमतीने भागा आणि जो टक्का येईल तो कर्जाच्या दराशेजारी मांडा. शाळेतलं गणित आहे. मोबाइल घेताना तुम्ही आठवडाभर तुलना करता, आणि २० वर्षांच्या कर्जावर एजंट बोट ठेवेल तिथे सही करता? वर भाड्याने राहणाऱ्याला अक्कल शिकवता? आकडेमोड करायची तर सहीच्या आधी करा. सही करून झाल्यावर "जरा कागद बघतोस का" म्हणून मला फोन करू नका. मी उचलणार नाही.