तिवोलीची ती बाग कोणी जपली?

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर रोमजवळच्या तिवोली गावातल्या व्हिला देस्ते या जुन्या प्रासादाच्या बागेचा व्हिडिओ आला. नुसती कारंजीच कारंजी. खाली आमच्या दादाने लिहिलंय, "असं वैभव खानदानी लोकच जपतात. सरकारच्या हाती गेलं की माती." तेव्हापासून डोकं फिरलंय.

आईला घेऊन मी तिथे जाऊन आलेय. शंभर कारंज्यांच्या वाटेवर तिने धारेखाली हात धरला आणि विचारलं, "मोटार कुठं बसवलीया गं?" मोटार नाहीच! आनिएने नदीचं पाणी गावाच्या पोटातून आणलंय आणि केवळ उतारावर ते सगळं उडतं, आजसुद्धा. पिर्रो लिगोरिओने केलेल्या त्या आखणीपुढे मी हात जोडते.

पण मालक? कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू, इप्पोलितो देस्ते. लुक्रेझिया बोर्जियाचा मुलगा, म्हणजे एका पोपचा नातू. स्वतः पोप व्हायला जन्मभर धडपडला, जमलं नाही. १५५० मध्ये तिवोलीचा गव्हर्नर झाला आणि या बागेसाठी त्याने उतारावरची राहती वस्ती उठवली. लोकांनी त्याच्यावर खटले भरले. बाग झालीच. संगमरवर आणि पुतळे आले ते जवळच्या सम्राट हेड्रियनच्या जुन्या प्रासादातून. हे जपणं?

आईला हे सांगितलं तर तिचा हात पाण्यातच राहिला. म्हणाली, "मग हितली माणसं कुठं गेली?" तिचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. कारंजी बघताना तिला घरं आठवली आणि खानदानी लोकांचं कौतुक करणाऱ्या आपल्याला ती दिसतही नाहीत, याचा मला संताप येतो.

१५७२ मध्ये इप्पोलितो गेला. पुढच्या वारसांनी काय केलं? अठराव्या शतकात त्याचे पुतळे विकले. देस्तेंची लेक ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्यात पडली, बाग तिच्याबरोबर तिकडे गेली आणि ओस पडली. १८५१ पासून होहेनलोहे नावाच्या कार्डिनलने मनापासून डागडुजी केली, संगीतकार लिस्टला तिथे राहायला जागा दिली. लिस्टने त्या कारंज्यांवर १८७७ मध्ये पियानोची रचना केली, ती आज जगभर वाजते. एवढं दादाचं मान्य. पण तो एकटा. त्याच्यामागे बाग पुन्हा हाब्सबुर्गांकडे. शेवटच्या मालकांपैकी एक ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, ज्याच्या खुनानंतर पहिलं महायुद्ध पेटलं.

युद्धानंतर ती इटलीच्या सरकारकडे आली. सरकारने दुरुस्त केली आणि सगळ्यांना खुली केली. १९४४ मध्ये बॉम्ब पडले, तेही नुकसान भरून काढलं. पाण्यावर वाजणारा ऑर्गन कित्येक वर्षं मुका होता, २००३ पासून पुन्हा वाजतोय. सरकारी कामाला वेळ लागतो. हो, लागतो. पण वाजतोय ना?

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या दुपारी आई बराच वेळ तिथल्या बाकावर बसली होती. कोणी "कोण तुम्ही, कुठल्या?" विचारलं नाही. तिकीट काढलं होतं, बसली. इप्पोलितोच्या काळात माझ्या आईला त्या फाटकातून आत घेतलं असतं ते फक्त माती वाहायला.